गोदाम हलवताना दोन्ही दारांशी मोजणी

वाचकांचे प्रश्न : संगणक आणि हिशेब

प्रश्न : ताई, नमस्कार. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टेरी टॉवेलच्या कारखान्यात मी आयटी बघते. विभाग म्हणजे मी आणि हाताखाली एक मुलगा. आमचं डेटा वेअरहाऊस, म्हणजे सगळ्या विभागांचा डेटा रिपोर्टांसाठी एकत्र ठेवलेलं कोठार, २०१३ मध्ये बाहेरून बांधून घेतलं होतं. ते एसक्यूएल सर्व्हर २०१२ या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेस सॉफ्टवेअरवर चालतं आणि सर्व्हर अकाउंट्सच्या खोलीत टेबलाखाली आहे. विक्री, उत्पादन, सूत खरेदी असा बारा वर्षांचा मिळून ४०० जीबी डेटा आहे, त्यावर १४० रिपोर्ट. मालकांनी सगळं क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने मिळणाऱ्या सर्व्हरवर, न्यायचं ठरवलंय आणि ३१ मार्चच्या आत हवं म्हणतात. काम ज्यांना द्यायचं चाललंय ते सहा आठवडे पुरेत असं सांगतात. मला मात्र धडकी भरली आहे. रिपोर्टमधले आकडे कसे येतात ते पूर्ण माहीत असलेले आमच्याकडे एकटे अकाउंट्सचे अण्णा आहेत आणि ते मेअखेर रिटायर होतात. सुरुवात कुठून करू? जुना सगळा डेटा न्यायलाच हवा का?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : सुरुवात अण्णांपासून करा. क्लाउडचं दरपत्रक नंतर बघता येईल, अण्णा नंतर मिळणार नाहीत.

माझे वडील साखर पेठेतल्या एका चादरीच्या कारखान्यात स्टॉक लिहायला होते. कारखान्याचं गोदाम हलवलं तेव्हा मी आठवीत होते, उन्हाळ्याची सुट्टी होती, म्हणून त्यांच्याबरोबर गेले. जुन्या गोदामाच्या दाराशी एक जण वही घेऊन बसलेला, नव्याच्या दाराशी वडील. गाठ निघाली की तिकडे लिहायची, पोचली की इकडे. संध्याकाळी दोघं वह्या शेजारी ठेवून ओळीला ओळ लावायचे. दुसऱ्या दिवशी नव्या गोदामात चार गाठी जास्त भरल्या. कमी भरल्या असत्या तर लगेच आरडाओरडा झाला असता. जास्त भरल्या म्हणून सगळे खूश होते, एकटे वडील सोडून. त्यांनी गाडी थांबवली. विचारता विचारता कळलं की जुन्या गोदामात लहान चादरींच्या दोन गाठी एका दोरीत बांधून एक मोजायची रीत होती. ती कुठेच लिहिलेली नव्हती, हमालांना तोंडपाठ होती. वडिलांनी नव्या वहीच्या पहिल्या पानावर ती रीत लिहिली आणि मग पुढची गाडी सोडली.

तुमच्या १४० रिपोर्टांमध्ये अशा किती दोऱ्या आहेत ते अण्णांना माहीत आहे.

‘विक्री’ हा एकच शब्द घ्या. तुमचा माल न्हावा शेवा बंदरात जातो. इनव्हॉइस बनलं ती एक तारीख, कंटेनर तुमच्या गेटमधून बाहेर पडला ती दुसरी, आणि माल बोटीवर चढून बिल ऑफ लेडिंग (जहाज कंपनीची माल घेतल्याची पावती) मिळालं ती तिसरी. ३० मार्चला निघालेला कंटेनर एका रिपोर्टात मार्चमध्ये पडतो, दुसऱ्यात एप्रिलमध्ये, आणि दोन्ही रिपोर्ट आपापल्या जागी बरोबर असतात. डॉलरचंही तसंच. शिपिंग बिलावर (निर्यातीसाठी कस्टम्सकडे भरायच्या कागदावर) कस्टम्सने जाहीर केलेला दर लागतो, पैसे जमा होताना बँकेचा. मालक ज्या आकड्याला ‘या महिन्याची विक्री’ म्हणतात तो यातला नेमका कोणता, परत आलेला माल त्यातून वजा होतो का, सॅम्पल म्हणून पाठवलेले टॉवेल धरतात का, हे डेटाबेसमधल्या कोणत्याही टेबलाच्या (तक्त्याच्या) नावावरून कळत नाही.

म्हणून आठवड्यातून दोन दुपारी दीड दीड तास अण्णांजवळ बसा. समोर छापलेला रिपोर्ट ठेवा, एकेका आकड्यावर बोट ठेवा आणि तीन गोष्टी विचारा. हा कुठून येतो? यात काय धरत नाही? आणि हा चुकला तर तुम्हाला कशावरून कळतं? तिसऱ्या प्रश्नाला सगळ्यात जास्त वेळ द्या. जुन्या माणसाला आकडा बिघडल्याचं आधी जाणवतं, कारण मागाहून सापडतं. ‘सुताची खरेदी आणि टॉवेलचं वजन यात अमुक एवढ्यापेक्षा जास्त फरक पडला की मी परत बघतो’ असं काही ते सहज बोलून जातील. ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. नव्या वेअरहाऊसच्या चाचण्या याच वाक्यांतून तयार होणार आहेत, आणि काम घेणाऱ्या एजन्सीकडे त्या नसतात.

पहिल्या बैठकीला मालकांनी स्वतः येऊन बसावं असा आग्रह धरा. आपलं डोकं काढून घेऊन आपल्याला मोकळं करायचं चाललंय, असं अण्णांना क्षणभरही वाटता कामा नये. एवढी वर्षं त्यांनी हिशेब सांभाळला आहे. रिटायर झाल्यावर सहा महिने मानधनावर आठवड्यातून एक दिवस यावं, हे मालकांनी आत्ताच त्यांच्याशी बोलून ठेवलं तर फार बरं.

आता रिपोर्टांकडे. १४० पैकी खरोखर किती वापरात आहेत ते आधी काढा. मायक्रोसॉफ्टच्या रिपोर्टिंग सर्व्हिसेस वापरत असाल तर कुठला रिपोर्ट कोणी कधी चालवला याची नोंद तिथेच असते. पण सावध राहा : ही नोंद मुळात फक्त ६० दिवसांची ठेवली जाते. वर्षातून एकदा ऑडिटरसाठी निघणारा रिपोर्ट ६० दिवसांच्या यादीत दिसणार नाही, आणि ‘कोणी वापरत नाही’ म्हणून तुम्ही तोच गाळाल. आजच ती मुदत वाढवा आणि वार्षिक रिपोर्टांची यादी अण्णांकडून वेगळी घ्या. शिवाय एक्सेलच्या काही शीट थेट डेटाबेसला जोडलेल्या असणारच. त्या रिपोर्टांच्या नोंदीत येत नाहीत. एक्स्पोर्ट, उत्पादन, खरेदी, प्रत्येक टेबलाशी जाऊन ‘रिफ्रेश बटण कोण दाबतं?’ असं विचारत फिरा. एक दिवस जाईल, पण तो सत्कारणी लागेल.

यानंतर जे सांगते आहे ते माझ्या हातून घडलं आहे. पुण्यात नोकरीला असताना एका कापड कंपनीचं वेअरहाऊस आम्ही हलवलं. ओळींची संख्या जुळली, रुपयांची बेरीज पैशापर्यंत जुळली, आणि आम्ही जुनं बंद केलं. तीन आठवड्यांनी एका डेपोच्या मॅनेजरचा फोन आला. त्याच्याकडचा स्टॉक रिपोर्टात प्रत्यक्षाच्या बाराव्या हिश्श्याएवढाच दिसत होता. त्या डेपोत माल नगांत न लिहिता डझनांत लिहायची पद्धत होती, आणि जुन्या एका स्टोअर्ड प्रोसिजरमध्ये (डेटाबेसमध्येच साठवलेल्या छोट्या प्रोग्रॅममध्ये) तेवढ्या एका डेपोच्या कोडसाठी १२ ने गुणायची ओळ होती. नवीन कोड लिहिताना ती ओळ मी गाळली. कुणीतरी तात्पुरतं केलेलं काहीतरी असेल असं मला वाटलं आणि मी विचारलं नाही. मधल्या तीन आठवड्यांत, स्टॉक संपत आलाय असं समजून, नको असलेला माल बनून त्या डेपोकडे रवाना झाला होता. पोटात गोळा येणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं.

तेव्हापासून मी दोन गोष्टी सोडलेल्या नाहीत. कारण समजल्याशिवाय जुन्या कोडमधली एकही ओळ गाळायची नाही. आणि नुसती रुपयांची बेरीज लावून थांबायचं नाही : नग, किलो, रुपये हे तिन्ही, दर महिन्याला, दर डेपोला वेगवेगळे लावायचे. एकूण बेरीज जुळते तेव्हा तिच्या पोटात बरंच काही लपलेलं असू शकतं.

तुमच्याकडे जे लपलेलं असण्याची दाट शक्यता आहे ते सांगते. हैदराबादची गिऱ्हाइकं असतील. २ जून २०१४ ला तेलंगण वेगळं झालं. त्याआधीची हैदराबादची विक्री आंध्र प्रदेशात धरलेली असणार आणि नंतरची तेलंगणात. गिऱ्हाइकांचं टेबल तुम्ही आजच्या पत्त्यासह नव्यानं भरलंत की जुनी सगळी विक्री एका रात्रीत तेलंगणात जाईल आणि २०१३-१४ चा छापील रिपोर्ट कधीच जुळणार नाही. शेजारी धाराशिवचंही हेच. २०२३ मध्ये नाव बदललं. आता ‘उस्मानाबाद’ आणि ‘धाराशिव’ असे दोन जिल्हे तुमच्या रिपोर्टात शेजारी शेजारी उभे असतील. यासाठी गिऱ्हाइकाची प्रत्येक माहिती ‘या तारखेपासून त्या तारखेपर्यंत’ अशी जपावी लागते. आमच्या कामात त्याला स्लोली चेंजिंग डायमेन्शन, टाइप टू म्हणतात. जुन्या वेअरहाऊसमध्ये ते केलेलं आहे का, हे एजन्सीला पहिल्याच बैठकीत विचारा. उत्तर द्यायला ते किती वेळ घेतात त्यावरून त्यांची तयारी कळेल.

रात्रपाळीकडे नीट लक्ष द्या. क्लाउडवरच्या बहुतेक सेवा वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, धरतात, ती आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते. मध्यरात्री बारा ते पहाटे साडेपाच या वेळेत मागावरून उतरलेला माल, काळजी घेतली नाही तर, आदल्या दिवसाच्या तारखेवर चढतो. महिन्याची बेरीज जवळजवळ जुळते, म्हणून लक्षात येत नाही. पण १ एप्रिलच्या पहाटेचं उत्पादन सरळ मागच्या आर्थिक वर्षात जाऊन बसतं.

पुढचं, गिऱ्हाइकांना आणि मालाला दिलेल्या कोडचं. एसक्यूएल सर्व्हर साधारणपणे कॅपिटल आणि स्मॉल अक्षरांत फरक करत नाही, आणि शब्दाच्या शेवटी राहिलेल्या रिकाम्या जागेकडे तुलना करताना दुर्लक्ष करतो. क्लाउडवरची बहुतेक वेअरहाऊस अक्षरांचा फरक कडकपणे पाळतात. बारा वर्षांत वेगवेगळ्या हातांनी टाईप केलेले कोड तिथे एकमेकांना ओळखेनासे होतात आणि ओळी गुपचूप गळतात. नेण्याआधी सगळे कोड एका साच्यात आणा. कामगारांची नावं मराठीत असतील तर तीही तपासा. श्री-लिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये टाईप केलेलं नाव युनिकोडमध्ये (आजच्या संगणकांवर सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीत) नुसतं उचलून ठेवलं तर अगम्य अक्षरं दिसतात, त्याचं रूपांतर करून घ्यावं लागतं. आणि जिथे आधीच प्रश्नचिन्हांची रांग पडली आहे तिथलं नाव परत मिळत नाही. ते पगारपत्रकावरून पुन्हा भरावं लागेल.

जुना डेटा किती न्यायचा? सगळा बारीकसारीक तपशिलासह नेऊ नका, पण टाकूही नका. जीएसटी कायद्याप्रमाणे हिशेबाची कागदपत्रं वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने ठेवावी लागतात, कंपनी कायद्याप्रमाणे मागची आठ आर्थिक वर्षं. माझा सल्ला असा : १ एप्रिल २०१७ पासूनची प्रत्येक ओळ न्या. त्याआधीचं नव्या वेअरहाऊसमध्ये फक्त महिन्याच्या बेरजांच्या रूपात ठेवा, आणि मूळ सगळ्या टेबलांची जशीच्या तशी प्रत फाईलींच्या रूपात स्वस्त साठवणीत टाका. २०१७-१८ या एका वर्षावर मात्र वेगळे दोन दिवस राखून ठेवा. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, म्हणजे त्या वर्षाचे पहिले तीन महिने व्हॅट आणि सीएसटीचे (केंद्रीय विक्रीकराचे) आणि पुढचे नऊ सीजीएसटी, एसजीएसटी, आयजीएसटीचे. कराच्या रकान्यांचा अर्थ वर्षाच्या मध्येच बदललेला आहे.

डेटा प्रत्यक्ष पाठवणं हा या सगळ्यातला सर्वात सोपा भाग आहे. ५० एमबीपीएस वेगाने ४०० जीबी पाठवायला कागदावर १८ तास लागतात, प्रत्यक्षात त्याच्या दुप्पट धरा. महिन्यामहिन्याचे तुकडे करा, म्हणजे मध्येच लाइट गेली तर तेवढाच तुकडा परत पाठवावा लागेल.

आता ३१ मार्च. मालकांना ‘जमणार नाही’ म्हणू नका. त्यांना सांगा की ३१ मार्चला सगळा डेटा नव्या ठिकाणी पोचलेला असेल आणि दोन्ही वेअरहाऊस शेजारी शेजारी चालू असतील. जुनं बंद होईल ते मेमध्ये. डिसेंबर आणि जानेवारी अण्णांबरोबरच्या बैठकांचे, रिपोर्टांच्या छाननीचे. संक्रांतीला गड्ड्याची जत्रा आहे, नंदीध्वज निघतात त्या दिवसांत कोणी जागेवर नसतं, तो आठवडा धरूच नका. फेब्रुवारीत बांधणी आणि डेटा भरणं. १ मार्चपासून रोज रात्री दोन्हीकडे ताजा डेटा. मार्चअखेरचा हिशेब दोन्हीकडून निघालाच पाहिजे, कारण वर्षातले सर्वात आडवळणाचे रिपोर्ट त्याच वेळी बाहेर पडतात. एप्रिलचा हिशेब मेच्या पहिल्या आठवड्यात दोन्हीकडे लागला, त्यावर अण्णांची सही झाली, की मग जुनं थांबवा.

शेजारी चालवताना फरकांची एक वही ठेवा. एक्सेल चालेल, पण एकच, आणि ती तुमच्या ताब्यात. आकडा, जुन्याकडे किती, नव्याकडे किती, कारण, कोणी ठरवलं, तारीख. काही फरक नव्याच्या चुकीचे निघतील, ते सोपे. काही निघतील ‘दोन्ही बरोबर, व्याख्या वेगळी’ असे, ते अण्णा आणि मालक मिळून ठरवतील. सर्वात अवघड ते, जिथे इतकी वर्षं जुनंच चुकत होतं असं आढळेल. तो आकडा मालकांनी कुणाकुणाला सांगितलेला असतो, त्यावर निर्णय घेतलेले असतात. तो गुपचूप दुरुस्त करू नका. आधी जुनी चूक नव्या ठिकाणी जशीच्या तशी उतरवा, म्हणजे आकडे जुळतील. मग मालकांना दाखवा, तारीख ठरवा, आणि त्या तारखेपासून दुरुस्ती करा. असं केलं नाही तर पुढचं वर्षभर प्रत्येक बदललेल्या आकड्यासाठी ‘क्लाउडवर गेल्यापासून गोंधळ आहे’ हे तुम्हाला ऐकावं लागेल.

एजन्सीचे सहा आठवडे हे डेटा नेण्याचे आणि कोड उतरवण्याचे असतील, आणि तेवढ्यापुरते ते खरेही असतील. करारात एवढं घाला की शेवटचा हप्ता फरकांची वही पूर्ण झाल्यावर मिळेल, लिहिलेला सगळा कोड कंपनीचा असेल आणि क्लाउडचं मुख्य लॉगिन कंपनीच्या ईमेलवर असेल.

तुमचा टेबलाखालचा सर्व्हर. एसक्यूएल सर्व्हर २०१२ ला मायक्रोसॉफ्टचे नेहमीचे सुरक्षा-अपडेट १२ जुलै २०२२ ला थांबले. मेमध्ये जुनं थांबवलं की ते फक्त वाचण्यापुरतं ठेवा, इंटरनेटपासून तोडा, आणि निदान पुढचं वार्षिक ऑडिट होईपर्यंत फॉरमॅट करू देऊ नका. बॅकअप घ्याच, पण तो दुसऱ्या मशीनवर उघडून एक रिपोर्ट चालवून बघा. न उघडलेल्या बॅकअपवर मी विश्वास ठेवत नाही. आणि हे बघणं या आठवड्यात करा, बाकी सगळ्याच्या आधी, कारण आज तुमची बारा वर्षं त्या एका डब्यात आहेत.

प्रश्न : आमचा युनिफॉर्म शिवण्याचा व्यवसाय आहे. वेअरहाऊस क्लाउडवर नेतोय. सल्लागार म्हणतात, हलवतोच आहोत तर सगळी रचनाही नव्यानं करू. खर्च दुप्पट होतो. करावं का?
– एक उद्योजक, सोलापूर

उत्तर : एकाच वेळी करू नका. जागा आणि रचना दोन्ही एकदम बदलली आणि आकडा चुकला, तर तो कशामुळे चुकला हे शोधायला धागा उरत नाही. आधी आहे तसं न्या, आकडे जुळवा, मग एकेक विषय सुधारा.

एक अपवाद करावा लागतो. जुन्या कोडमध्ये एकेक ओळ उचलून हिशेब करणाऱ्या प्रोसिजर असतील तर त्या क्लाउडवर अतिशय संथ चालतात, आणि तिथे वापराप्रमाणे बिल येतं. तेवढ्या नव्यानं लिहून घ्या, बाहेर पडणारा आकडा मात्र तोच राहिला पाहिजे. क्लाउडवर खर्चाची मर्यादा आणि इशारा पहिल्याच दिवशी लावा. काम नसताना यंत्रणा आपोआप झोपते का ते बघा, आणि गरज नसताना टेबलाचे सगळे रकाने मागवणारे रिपोर्ट शोधून काढा. काही सेवा किती डेटा वाचला त्यावर पैसे लावतात.

सुरुवातीला एकच विषय न्या. तुमच्याकडे कापड खरेदी हा आटोपशीर विषय दिसतो : पुरवठादार मोजके, तारखा सरळ. शाळांच्या ऑर्डरी मागे ठेवा, त्यांत साइजचे आणि अर्धवट डिलिव्हरीचे घोळ असतात, आणि जूनच्या तोंडावर त्यांना हात लावायचाच नाही. कापड खरेदी दोन महिने दोन्हीकडे चालली की क्लाउडची दोन बिलं तुमच्या हातात असतील. ती घेऊन सल्लागारांसमोर बसा आणि नव्या रचनेच्या खर्चाचं तेव्हा बोला.